एकाच माणसाने दोन-तीन फॉरेक्स खाती ठेवावीत का?

संथपाणी:
माझ्या नावावर फॉरेक्सची, म्हणजे परकीय चलनांच्या सौद्यांची, तीन ट्रेडिंग खाती आहेत. एकात आठवडेच्या आठवडे धरायचे सौदे, दुसऱ्यात त्याच दिवशी मिटवायचे, आणि तिसरं वेगळ्या ब्रोकरकडे. 'एकच ठेव, बाकीचा पसारा आवर,' असं एका मित्राने परवा बजावलं. मला ते पटलेलं नाही. सगळं एका खात्यात होतं तेव्हा दिवसाचा तोटा भरून काढायला मी नफ्यात चाललेले लांबचे सौदे मध्येच तोडायचो. खाती वेगळी केली आणि ती खोड सुटली.

शिवाय ब्रोकर बुडतात. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोला दिलेला १.२० फ्रँकचा आधार अचानक काढून घेतला. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. ग्राहकांचे न भरलेले तोटे ब्रोकरांच्या अंगावर आले: अल्पारी यूके दिवाळखोरीत निघाली, एफएक्ससीएमला तगायला ३० कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं. सगळा पैसा एकाच दारात कशाला ठेवायचा?

हिशेबी:
तिसऱ्या खात्याचं समजू शकतो. पहिल्या दोघांबद्दल साफ असहमत.

मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ब्रोकर अडकवून ठेवतो ती रक्कम, खात्यापुरतं मोजलं जातं. २,००० डॉलर दोन खात्यांत निम्मे-निम्मे ठेवलेत असं धरा. एकात ०.२ लॉट (२०,००० युरो) युरो-डॉलर खरेदी केलं, दर १.१०, लिव्हरेज ३० (म्हणजे सौद्याच्या तिसाव्या भागाएवढं मार्जिन). मार्जिन अडकलं साधारण ७३३ डॉलर. खात्यातली रक्कम मार्जिनच्या ५० टक्क्यांवर घसरली की ब्रोकर सौदा बंद करत असेल, तर दर ३१६ पिप (एक पिप म्हणजे ०.०००१) विरुद्ध गेल्यावर तुम्ही बाहेर. तेच २,००० एकत्र असते तर ८१६ पिपपर्यंत तग धरला असता. शेजारच्या खात्यात १,००० डॉलर पडून आहेत, पण ते मदतीला येत नाहीत.

आणि तुमची खोड सुटली म्हणता, पण एकूण जोखीम कुठे पाहता? एका खात्यात युरो-डॉलर खरेदी, दुसऱ्यात डॉलर-फ्रँक विक्री. दोन्हीकडे तुम्ही डॉलरच विकलाय. दोन्ही स्क्रीनवर २-२ टक्के जोखीम दिसते, डॉलर उसळला की दोन्ही एकदम लागतात. मी स्वतः यात पोळलोय, म्हणून तळमळीने लिहितोय.

रात्रपाळी:
हिशेबी, लवकर बाहेर पडणं हा तोटाच का मानायचा? त्या ३१६ पिपांनी उरलेले १,००० वाचवले. ८१६ पिप तग धरायची सोय म्हणजे तेवढा तोटा सोसायचीही सोय.

दुसरं, काही ठिकाणी पर्यायच नसतो. अमेरिकेत २००९ पासून एकाच खात्यात एका जोडीत उलटसुलट सौदे धरता येत नाहीत, आधीचा सौदा आधी मिटवावा लागतो. दोन पद्धती चालवणाऱ्याने तिथे काय करायचं?

हिशेबी:
वाचवायचे असतील तर स्टॉप लॉस लावा, म्हणजे ठरवलेल्या दराला सौदा आपोआप मिटवायची सूचना. ते काम ब्रोकरच्या सक्तीच्या बंदीवर सोडू नका, त्या क्षणी कोणता दर मिळेल ते आपल्या हातात नसतं.

अमेरिकेचा मुद्दा मान्य. पण बाकी ठिकाणी आपोआप सौदे करणारे रोबोट चालवणाऱ्यांना मेटाट्रेडर या सॉफ्टवेअरमध्ये मॅजिक नंबर (सौद्याचा ओळखक्रमांक) असतो, प्रत्येक पद्धतीचे सौदे त्यावरून वेगळे काढता येतात.

नवखी:
मी वेगळ्याच कारणाने दुसरं खातं उघडलं होतं: स्वागत बोनस परत मिळावा म्हणून. त्याच ब्रोकरकडे, वेगळ्या ईमेलने. ओळखपत्र तपासताना पकडलं गेलं, बोनस काढून घेतला आणि दोन्ही खाती गोठवली. 'एका व्यक्तीला एकच बोनस' हे अटींमध्ये होतं, मी वाचलंच नव्हतं. स्वतःची मूळ रक्कम परत मिळवायला दीड महिना गेला. दुसरं खातं उघडायचंच असेल तर ब्रोकरला सांगून, त्याच ओळखीवर उघडा.

संथपाणी:
नवखी, हे मोकळेपणाने सांगितलंत, आभार. माझी तिन्ही खाती खऱ्या ओळखीवरच आहेत.

हिशेबी, काल रात्री तिन्ही खात्यांतले सौदे एका वहीत चलनवार मांडले. डॉलरच्या विरुद्ध माझी बाजू समजत होतो त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाली. आज त्यातला एक सौदा बंद केला. खाती मात्र तीनच राहणार. पैसा एकत्र आला की माझा हात आवरत नाही, हे मला माझ्याबद्दल पक्कं ठाऊक आहे.

हिशेबी:
ती वही रोज लिहिणार असाल तर माझा विरोध निम्मा झाला. उरलेला निम्मा मार्जिनपुरता, तो कायम आहे.