मदत हवी आहे: इसबावर बारीक फोड, मलमाने उतार नाही

आसावरी_सोलापूर:
लेकीला तान्हेपणापासून इसब आहे. परवापासून मानेवर आणि गालावर बारीक पाण्याचे फोड आलेत, आता कोपराच्या खोबणीतही पसरलेत. नेहमीचं मलम लावतेय, पण वाढतच चाललंय. आमचे स्किनवाले डॉक्टर सोमवारी येणार. तोवर दुसरं कुठलं मलम लावू? 'डॉक्टरांना दाखवा' सोडून सांगा, ते मलाही कळतं.

ऊनसावली:
वय? ताप? 'नेहमीचं' म्हणजे कुठलं?

कडूकारलं:
कांजिण्या आहेत या. आमच्या दोघांना आल्या तेव्हा अंथरुणावर कडुलिंबाचा पाला पसरला, काही करावं लागलं नाही.

आसावरी_सोलापूर:
कांजिण्यांची लस झालीय. वय साडेचार, ताप १०२. मलम स्टिरॉइडचं, डॉक्टरांनीच दिलेलं.

भाऊसाहेब_क:
स्टिरॉइड! तिथेच घोळ. माझ्या मेव्हण्याची कातडी कागदासारखी झाली. बंद करा आणि शतधौत घृत लावा. घरी कसं करायचं ते लिहू का?

ऊनसावली:
भाऊसाहेब, डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरलं तर इसबाला तेच मुख्य औषध आहे. मेव्हण्यांनी दुकानातून स्वतःच आणून वर्षानुवर्षं चोपडलं असेल.

भाऊसाहेब_क:
तुम्ही ओळखता का त्याला?

वॉर्डातली_ताई:
वाद नंतर घाला. आसावरी, फोड सगळे एकाच मापाचे आहेत का? फुटल्यावर पंचने भोक पाडल्यासारखे गोल खळगे पडतात का? खाज जास्त की दुखणं? डोळ्याजवळ आहेत? घरात कुणाच्या ओठावर तापाचा फोड होता का?

आसावरी_सोलापूर:
हो, तसेच खळगे. आधी खाजवायची, आता हात लावला की रडते. एक पापणीजवळ आहे. नणंदेच्या ओठावर फोड होता, ती आल्यापासून हिचे पापे घेतेय. पण सगळ्यांचेच घेते ती!

वॉर्डातली_ताई:
मग सोमवारची वाट बघू नका. आत्ता सिव्हिलला जा, इमर्जन्सीत. हे एक्झिमा हर्पेटिकम वाटतंय. ओठावरच्या फोडाचाच विषाणू, पण इसबाने कातडीची भिंत ढासळलेली असते म्हणून भराभर पसरतो. यावर मलम नाही, ॲसायक्लोव्हिर लागतं, पोटातून किंवा शिरेतून. फोडांवर स्टिरॉइड लावू नका. पापणीजवळ आहे म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांनी आजच बघायला हवं, बुबुळाला धोका असतो.

पोथीनिष्ठ:
याचं वर्णन त्वचारोगतज्ज्ञ कापोसी यांनी १८८७ मध्येच केलं होतं. तेव्हा विषाणू माहीतही नव्हते.

कडूकारलं:
म्हणजे नागीणच ना? कुंभाराकडून काव आणा.

ऊनसावली:
नागीण बहुतेक एका बाजूला पट्ट्यात येते. आणि काव कशाला, जखमांवर माती?

आसावरी_सोलापूर:
ॲडमिट केलंय. सलाईनमधून तेच औषध चालू, डोळा ठीक आहे. पण इथले डॉक्टर विचारतात, आधी न्यूमोनिया झालाय का, कान फुटतो का, चामखिळी आहेत का, लग्न नात्यातलं का. सगळ्याला हो. नवरा आतेभाऊ आहे माझा. याचा फोडांशी काय संबंध?

वॉर्डातली_ताई:
बरोबर विचारतायत. जुना इसब, वारंवार न्यूमोनिया, कान वाहणं, चामखिळी, वर नात्यातलं लग्न, एवढं एकत्र आलं की प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष तपासतात. डॉक८ नावाच्या जनुकाचा असा एक दोष आहे. आई-वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच होतो, म्हणून नात्याचा प्रश्न. त्यात आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी संबंधित रक्तातलं एक प्रथिन, बहुधा खूप वाढलेलं असतं. नुसत्या इसबातही वाढतं, त्यामुळे तेवढ्यावरून काही ठरत नाही. परळला केईएमच्या आवारात इम्युनोहिमॅटॉलॉजीची (रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांची) राष्ट्रीय संस्था आहे, तिथे या तपासण्या होतात. डिस्चार्जच्या वेळी चिठ्ठी मागा.

भाऊसाहेब_क:
पूर्वी सगळे मामाच्या मुलीशीच लग्न करायचे. कुणाला काही झालं नाही.

ऊनसावली:
ज्यांना झालं ते सांगायला राहिले नाहीत, भाऊसाहेब.

आसावरी_सोलापूर:
धाकटा सहा महिन्यांचा आहे. त्याचंही रक्त तपासायचं का?

वॉर्डातली_ताई:
हिचा रिपोर्ट आल्यावर तेच सांगतील. पण त्याला काही लस द्यायची झाली तर आधी या डॉक्टरांना विचारा, काही लशी जिवंत जंतूंच्या असतात, त्यालाही हाच दोष असेल तर त्या बाधू शकतात. आणि सध्या त्याला तिच्याजवळ झोपवू नका, नणंदबाईंनाही दोघांपासून लांब ठेवा.

कडूकारलं:
साबण कुठला वापरता पण?