४.४४ सेकंदांची धाव पाहून टाइट एंड चौथ्या क्रमांकावर घ्यावा का?

दहायार्ड: अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये संघ ड्राफ्टमध्ये आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये अटलांटा फाल्कन्सने काइल पिट्सला चौथ्या क्रमांकावर उचललं. इतक्या वर टाइट एंड (समोरच्याला अडवणारा, म्हणजे ब्लॉक करणारा, आणि पासही झेलणारा खेळाडू) कधीच गेला नव्हता. वय २०, उंची जवळपास साडेसहा फूट, वजन २४५ पौंड, ४० यार्ड ४.४४ सेकंदांत. पाचव्यावर जमार चेस गेला, सातव्यावर पेनी सूएल. माझ्या मते पहिल्या दहात टाइट एंड घेऊच नये. रुकी (पहिल्या वर्षाच्या नवख्या खेळाडूच्या) कराराची रक्कम क्रमांकावर ठरते, खेळाडूच्या जागेवर नाही. तेव्हा चौथ्याला चार वर्षांचे सुमारे ३.३ कोटी डॉलर मिळाले, मग तो टॅकल (पास फेकणाऱ्याला राखणारा धिप्पाड ब्लॉकर) असो की टाइट एंड. पुढे बाजारात मात्र अव्वल टाइट एंडचा भाव अव्वल रिसीव्हरपेक्षा (मुख्यतः पास झेलणाऱ्यापेक्षा) बराच कमी. पोरगा सोनं निघाला तरी संघाची बचत थोडीच.

स्लॉटवाला: नुसता वेग बघितला असं कोण म्हणतं? पिट्सचे फ्लोरिडा विद्यापीठाकडून २०२० मध्ये ८ सामन्यांत ४३ झेल, ७७० यार्ड, १२ टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेणं). रुकी वर्षात १,०२६ यार्ड. त्याआधी रुकी टाइट एंडने हजार ओलांडले ते फक्त माइक डिटकाने, १९६१ साली. २०२२ ला गुडघा गेला आणि संघही लीगमध्ये सर्वांत कमी पास फेकणाऱ्यांपैकी एक. त्यात पारख कुठे चुकली?

दहायार्ड: डिटकाने १,०७६ यार्ड १४ सामन्यांत काढले, पिट्सला १७ मिळाले. आणि त्या १,०२६ यार्डांत टचडाउन किती? एक.

हातजमिनीवर: दोघंही झेलच मोजताय. आधी बघा, पोरगा हात जमिनीवर टेकवून टॅकलशेजारी ब्लॉक करायला किती वेळा उभा राहिला. आउटसाइड झोन धावेत (चेंडू घेऊन कडेकडे पळायच्या डावात) पहिलं पाऊल आखूड, बाजूला, जेमतेम वीतभर. धडक बसायच्या आत दुसरा पाय टेकलेला हवा. हात समोरच्याच्या छातीवर, खांद्यांच्या आत. हात बाहेर गेले की होल्डिंग (धरून ठेवल्याचा फाउल), १० यार्ड मागे. उंच पोरांचं इथेच फसतं: गुडघ्यात वाकण्याऐवजी कमरेत वाकतात, एज रशर (कडेने घुसणारा बचावपटू) खांद्याच्या पॅडखाली शिरतो आणि उचलून मागे ढकलतो. फिल्म (सामन्याचं चित्रण) लावा, तिथे थांबवून पाय बघा. स्टॉपवॉचवर हे दिसत नाही.

स्लॉटवाला: मग ब्लॉक करायला लावताच कशाला? स्लॉटला (लाइनपासून थोडं बाजूला, रिसीव्हरसारखा) उभा करा, लाइनबॅकर (जड बांध्याचा बचावपटू) त्याच्या मागे धावू शकत नाही.

हातजमिनीवर: अहो, लाइनबॅकर येईलच का? ब्लॉक जमत नाही हे कळलं की बचाव त्याला रिसीव्हर धरतो, लाइनबॅकर काढून निकल कॉर्नर (हलका, चपळ जादा बचावपटू) आणतो. त्या हलक्या बचावाला चेंडू घेऊन पळून शिक्षा द्यायची, तर त्याला ब्लॉक यायला हवा. नाहीतर तुम्ही टाइट एंडच्या नावाखाली एक जाडा रिसीव्हर घेतलात.

तिसरीफेरी: ४.४४ चंही फार कौतुक नको. कोविडमुळे त्या वर्षी कंबाइनच्या (ड्राफ्टआधी सगळ्यांना एकत्र बोलावून होणाऱ्या) चाचण्या झाल्या नाहीत, ही वेळ कॉलेजच्या प्रो डेची, म्हणजे कॉलेजच्याच मैदानावरच्या चाचणीची. तिथल्या वेळा थोड्या उदारच असतात. आणि क्रमांकाचं म्हणाल, तर गाजलेले टाइट एंड बघा: ट्रॅव्हिस केल्सी ६३ वा, जॉर्ज किटल १४६ वा. २०१८ ला रेव्हन्स संघाने टाइट एंड हेडन हर्स्टला २५ व्यावर घेतलं आणि त्याच ड्राफ्टमध्ये ८६ व्यावर दुसरा टाइट एंड, मार्क अँड्र्यूजला. टिकला तो अँड्र्यूज, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

स्लॉटवाला: सोयीची नावं निवडलीत. टाइट एंड ब्रॉक बावर्स १३ वा गेला आणि २०२४ मध्ये ११२ झेल घेतले. आजवर कुठल्याही रुकीने, रिसीव्हर धरूनसुद्धा, घेतले नव्हते तेवढे.

तिसरीफेरी: बावर्सने ड्राफ्टआधी कंबाइनमध्ये ४० यार्ड धावलंच नव्हतं! झोन बचावात (बचावपटू माणसाऐवजी जागा राखतात तेव्हा) मोकळी जागा हेरून थांबणं, झेल घेताच वळणं, पाडायला आलेला पहिला बचावपटू चुकवणं, हे सगळं त्याच्या जॉर्जिया विद्यापीठाच्या फिल्मवर होतं. म्हणजे तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं.

दहायार्ड: आणि १३ वा, चौथा नव्हे.