वेगमर्यादा ८० ची ६० केली म्हणून ओरडणाऱ्यांना एक लांबलचक उत्तर

मैलाचा_दगड
काल एकाने पोस्ट टाकली आणि तिला धडाधड बदाम पडले: "गावाकडच्या दुपदरी रस्त्यावर ८० ची ६० करणं हा स्थानिक चालकाचा अपमान आहे. आम्हाला वळण न् वळण पाठ आहे. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही का रखडायचं?" तिथे तीन ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा.

आधी रखडण्याचा हिशेब. दहा किलोमीटरला ८० ने साडेसात मिनिटं, ६० ने दहा. फरक अडीच मिनिटांचा, आणि तोही पूर्ण अंतर सलग ८० चा काटा धरता आला तरच. मध्ये फाटे, वळणं, ट्रॅक्टर आहेत. त्या जागी तसंही चाळीसवर यावं लागतं, म्हणजे अडीच मिनिटंही हाती लागत नाहीत.

आता पाठांतराचं. वळण पाठ असतं, वळणापलीकडे बंद पडलेली ट्रॉली पाठ नसते. रस्त्याच्या आखणीत धरतात तशी अडीच सेकंदांची प्रतिक्रिया आणि ओल्या डांबराचं घर्षण धरलं, तर ६० ने येणारी गाडी साधारण ८० मीटरमध्ये थांबते. ८० ने येणारीला सव्वाशेच्या पुढे लागतात. पण खरा आकडा पुढे आहे. ६० वाली जिथे पूर्ण थांबली, त्या जागेवरून ८० वाली अजून ६४ च्या वेगाने जात असते. वीसचा फरक म्हणजे "जरासं जास्त लागलं" असं नाही. एक गाडी वाचते आणि दुसरी ६४ च्या वेगाने आदळते.

चौथा_गियर
ती पोस्ट माझीच. बरं झालं धागा काढलात.

अडीच सेकंद आणि ओलं डांबर हे आखणीचे आकडे आहेत, मुद्दाम वाईटात वाईट धरलेले. एक सेकंदाची प्रतिक्रिया, कोरडा रस्ता, चांगले टायर, एबीएस (चाकं अडकू न देणारे ब्रेक) धरा. ६० ला ३४ मीटर, ८० ला ५४. झालं तुमचं सव्वाशे.

आता तुम्ही सोयीने विसरलात ते ओव्हरटेकचं गणित. पुढे ४५ ने जाणारा भरलेला ट्रक. मागचं-पुढचं सुरक्षित अंतर, ट्रकची लांबी, आपली लांबी मिळून ५५ मीटर जास्त कापायचे. मर्यादा ६० असेल तर फरक फक्त १५ चा, म्हणजे तेरा सेकंद चुकीच्या बाजूला. ८० असेल तर फरक ३५ चा, पावणेसहा सेकंद. समोरून येणाराही मर्यादेने येतोय असं धरलं तर पहिल्याला ४४० मीटर मोकळा रस्ता लागतो, दुसऱ्याला २५०. तुमच्या पाटीने ओव्हरटेक दुप्पट लांबवला. ही सुरक्षितता?

डांबरट
दोघंही पाटीवर भांडताय. पाटी बदलण्याआधी वेग मोजला होता का, हे कुणीच विचारत नाही.

मोजायची रीत ठरलेली आहे. सरळ पट्टा निवडायचा, फाट्यापासून आणि वळणापासून लांब. वेग मोजायची गन लपवायची, दिसली की सगळे साधुसंत होतात. पुढच्या वाहनापासून किमान चार-पाच सेकंद मोकळी असलेलीच वाहनं धरायची, नाहीतर ट्रॅक्टरमागे अडकलेल्या रांगेचा वेग हाती येतो. किमान शंभर नोंदी घ्यायच्या, चढत्या क्रमाने लावायच्या, शंभरांतली पंच्याऐंशीवी बघायची, म्हणजे ८५ टक्के वाहनं ज्या वेगाच्या आत आहेत तो वेग. ती ७८ निघाली आणि तुम्ही ६० ची पाटी ठोकली, तर बहुतेक सगळा रस्ता नियम मोडतो. जो एकटा पाळतो त्याच्यामागे रांग लागते, आणि मग गियरसाहेब म्हणतात तसले ओव्हरटेक सुरू होतात. रुंद, सरळ, पांढरे पट्टे मारलेला रस्ता डोळ्यांना ८० सांगतो. तिथे पाटीचं कोण ऐकणार?

अप्पर_डिपर
या सगळ्यात समोरून अप्पर मारत येणाऱ्यांबद्दल एक अक्षर नाही. वेगमर्यादा २० करा, डोळ्यांवर फ्लडलाइट आल्यावर काय दिसणार आहे? आधी ते बाजारातले निळे-पांढरे बल्ब बंद करा. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी खुपसला की प्रकाशाचा बिंदू जागेवरून सरकतो, डिपरचा प्रकाश वर जाण्याआधी जिथे कापला जातो ती रेघच राहत नाही. लो बीमवरसुद्धा झाडाचे शेंडे उजळतात.

मैलाचा_दगड
@चौथा_गियर, तुमचेच कोरडे आकडे घेऊ. ६० वाली ३४ मीटरवर थांबली. त्या जागी ८० वाली किती वेगात आहे? ६२-६३. अंतरं लहान झाली, फरक तिथेच राहिला. कारण ती पहिले २२ मीटर नुसत्या प्रतिक्रियेतच घालवते आणि ब्रेकला फक्त १२ उरतात.

आणि ओव्हरटेक. तुमची गाडी ४५ वरून ८० वर जादूने उडी मारते का? ट्रकमागून निघताना काटा ४५ वरच असतो. साधी भरलेली गाडी तिसऱ्या गियरमध्ये ८० गाठायला सात-साडेसात सेकंद घेते. तेवढं धरलं की तुमचे पावणेसहा सेकंद साडेनऊ होतात आणि २५० मीटरचे ३८५. ६० ला त्याच हिशेबाने साधारण ४८०. म्हणजे "दुप्पट" नाही, सव्वापट. आणि जिथे ३८५ मीटर मोकळे दिसत नाहीत तिथे ओव्हरटेकच करायचा नाही, मर्यादा काही असो.

@डांबरट, पंच्याऐंशीवी नोंद चालकाला काय सोयीचं वाटतं ते सांगते. रस्त्यात काय दडलंय ते सांगत नाही. उंचवट्यापलीकडचा फाटा त्या शंभरांतल्या कुणालाच दिसत नाही, आणि कडेने चालत जाणारा तर त्या नोंदीत धरलेलाच नसतो.

चौथा_गियर
सव्वापट मान्य. सव्वापट म्हणजे शंभर मीटर जास्त, हेही जरा मोठ्याने म्हणा की.

फ्रान्सने जुलै २०१८ मध्ये दुभाजक नसलेल्या ग्रामीण रस्त्यांवर ९० ची ८० केली. काय झालं? नोव्हेंबरात इंधनकरावरून पेटलेल्या आंदोलनाची पिवळी जाकिटं रस्त्यावर, त्यात हाही राग, जानेवारीपर्यंत देशातले सुमारे ६० टक्के स्पीड कॅमेरे फोडलेले किंवा झाकलेले. शेवटी डिसेंबर २०१९ च्या कायद्याने जिल्ह्यांना पुन्हा ९० करायची मुभा द्यावी लागली. लोकांना न विचारता पाटी बदलली की असं होतं. आता आयर्लंडने फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रामीण स्थानिक रस्त्यांवर ८० ची ६० केलीय, बघू तिथे काय होतं.

मैलाचा_दगड
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच फ्रान्सच्या सरकारी मूल्यमापनात पहिल्या २० महिन्यांत त्या रस्त्यांवर ३४९ मृत्यू कमी निघाले, कॅमेरे फोडलेले असताना. सरासरी वेग उतरला तो जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटरने. दहाने पाटी उतरवली आणि तीनने वेग उतरला, तरी इतका फरक. स्वीडनच्या निल्सन या रस्तासुरक्षा संशोधकाने मांडलेलं गणित हेच सांगतं: जीवघेणे अपघात सरासरी वेगाच्या चौथ्या घाताने बदलतात. वेग ५ टक्के उतरला की असे अपघात १८-१९ टक्के उतरतात. म्हणून "कुणी पाळत नाही" हा युक्तिवाद चालत नाही. सगळ्यांनी पाळायची गरजच नाही.

साइडपट्टी
निल्सन ठीक, पण गाडी रस्त्यावरून उतरते का, तेही बघा. डांबराची कड आणि मातीची साइडपट्टी यांत आठ-दहा सेंमीची पायरी झालेली असते. डावं चाक खाली जातं, चालक दचकून स्टेअरिंग उजवीकडे ओढतो. टायरची बाजू कडेला घासत राहते, वर चढत नाही. तो आणखी ओढतो, मग चाक एकदम चढतं आणि वळलेल्या चाकासकट गाडी समोरच्या लेनमध्ये. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, पाय काढायचा. दोन चाकं खालीच ठेवून वेग तिसाच्या आसपास येऊ द्यायचा, मग हलकेच वळवून चढायचं. बांधतानाच डांबराची कड ३० अंशांच्या उताराने दाबली तर पायरीच राहत नाही, आणि त्याला पेव्हरला (डांबर पसरवणाऱ्या यंत्राला) एक लोखंडी जोड पुरतो. पण नव्या थराचं उद्घाटन होतं, साइडपट्टी भरल्याचं होत नाही.

बाकी पाटीने भागत नसेल तर गतिरोधक टाका आणि मोकळे व्हा.

चौथा_गियर
घ्या! आता हेच राहिलं होतं. ८० च्या रस्त्यावर गतिरोधक? त्यापेक्षा खंदक खणा.

डांबरट
साइडपट्टी, कडेचं अगदी बरोबर बोललात आणि शेवटच्या ओळीत माती केलीत. गतिरोधक म्हणजे ट्रकमधून उरलेला माल ओतून रोलर फिरवणं नव्हे. भारतीय रोड काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये आकार दिलेला आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंमी, गोलाईची त्रिज्या १७ मीटर, ओलांडायचा वेग २५. हा आकार ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात वॉट्सने केलेल्या चाचण्यांतल्या उंचवट्याशी जवळजवळ जुळतो. प्रत्यक्षात घालतात तो मीटरभर रुंद आणि बारा-पंधरा सेंमी उंच. मीटरभर रुंदीत १० सेंमी उंची धरली तरी त्रिज्या सव्वा मीटरच्या आसपास येते. सतराच्या जागी सव्वा! तो गतिरोधक नाही, बांध आहे.

साइडपट्टी
मोठ्या गोलाईवरून लोक पन्नासने उडवत जातात. छोटा टोचतो म्हणून तर गाड्या थांबतात.

डांबरट
थांबतात, म्हणजे शून्यावर येतात, आणि मागचा त्यांच्यावर येतो. शिवाय अरुंद बांधाचा एक विचित्र गुण आहे: हळू गेलं की जास्त टोचतो आणि जोरात गेलं की सस्पेन्शनच सगळं गिळतं. म्हणजे शिक्षा नियम पाळणाऱ्याला. रुंद उंचवट्यावर उलटं होतं, वेग वाढेल तशी गाडी जास्त उसळते.

करायचाच असेल तर असा. दोन्ही टोकांना जुन्या डांबरात खाच कापायची, नाहीतर वर्षभरात कड पापुद्र्यासारखी सुटते. जागा झाडून टॅक कोट (नवा थर चिकटवणारं पातळ डांबर) मारायचा. १७ मीटर त्रिज्येचा लाकडी फर्मा आधी तयार ठेवायचा, नंतर डोळ्याने गोलाई येत नाही. माल गरम असतानाच दोन थरांत दाबायचा, कारण थंड पडलेला माल दाबलेला दिसतो, बसलेला नसतो. कडेला पाणी जायला जागा सोडायची. काळे-पांढरे पट्टे त्याच दिवशी, आणि ४० मीटर आधी पाटी. पट्टे "नंतर मारू" म्हणाले की रात्री पहिला मोटरसायकलवाला उडाला समजा.

चौथा_गियर
पाणी जायला सोडलेल्या त्या फटीतूनच सगळे मोटरसायकलवाले जातात, तेही वेग न कमी करता, थेट पायी चालणाऱ्यांच्या अंगावर. ४० मीटर आधीची पाटीही ८० ला कमी पडते, तुमच्याच थांबण्याच्या अंतराने मोजा. आणि ट्रक रोज त्याच जागी ब्रेक मारतात, त्यामुळे उंचवट्याच्या अलीकडचं डांबर पुढे सरकून लाटा पडतात. दोन पावसाळ्यांत एका गतिरोधकाचे चार होतात.

डांबरट
लाटांचं आणि फटीचं मान्य. म्हणूनच गतिरोधक एकटा टाकायचा नसतो आणि मुख्य रस्त्यावर तर नाहीच, तो फाट्याच्या छोट्या रस्त्यावर टाकायचा. मुख्य रस्त्यावर वस्तीच्या तोंडाशी आधी थर्मोप्लास्टिकच्या (वितळवून लावलेल्या जाड रंगाच्या) आडव्या पट्ट्या, मग लेन अरुंद दाखवणाऱ्या रेघा, मग मध्ये बेट. ८० वरून ६०, ६० वरून ४० असं उतरवत न्यायचं.

साइडपट्टी
त्या पट्ट्यांचा रात्रभर घरघर आवाज. शेजारी राहणाऱ्यांना विचारलंत कधी?

अप्पर_डिपर
तुमचं सगळं गणित दिवसाउजेडीचं आहे. लो बीमवर रस्त्यातला काळा कपडा पन्नासेक मीटरवर दिसला तर नशीब. धागाकर्त्यांच्या हिशेबाने ६० ला ८० मीटर लागतात. म्हणजे ६० सुद्धा रात्री जास्तच झाले. बोला आता.

चौथा_गियर
या माणसाचं बोलणं पहिल्यांदाच मुद्द्याला धरून आहे, त्रास होतोय कबूल करायला. पण मग दिवसाची आणि रात्रीची मर्यादा वेगळी ठेवा. दिवसा ८०, रात्री ६०. चोवीस तास एकच आकडा कशाला?

मैलाचा_दगड
रात्रीचं पटतं. पण उंचवट्यापलीकडचा फाटा दिवसाही दिसत नाही, त्यामुळे सरसकट दिवसा ८० नाही. तुकड्यातुकड्याने करा: जिथे १३० मीटर दिसतं तिथे ८० राहू द्या, जिथे नाही तिथे ६०.

चौथा_गियर
म्हणजे सरसकट ६० चुकीची होती. हेच तर काल म्हणत होतो.

मैलाचा_दगड
काल तुम्ही "अपमान" म्हणत होतात.

डांबरट
१३० मीटर बोनेटवरून बघू नका. चालकाच्या डोळ्याची उंची १.२ मीटर आणि रस्त्यावरच्या अडथळ्याची १५ सेंमी धरतात. दोघं लागतात: एक जण १.२ मीटरवर डोळा धरून बसतो, दुसरा १५ सेंमीचा रंगवलेला ठोकळा टेपने अंतर मोजत पुढे नेतो. ठोकळा दिसेनासा झाला ते अंतर लिहायचं. वळणावर हे आपल्या लेनच्या मध्यावरून करायचं आणि दोन्ही दिशांनी वेगळं, कारण आतल्या बाजूच्या झुडपांमुळे एकीकडून ११० आणि दुसरीकडून ७० मिळू शकतं. झुडपं पावसाळ्यानंतर मोजायची. उन्हाळ्यात मोजलेला आकडा फुकट जातो.

चौथा_गियर
झुडपंच छाटली तर?

डांबरट
तर पाटी बदलायचीच गरज नव्हती. पण छाटणीचं काम दरवर्षी निघतं, पाटी एकदाच लावावी लागते.