रॉनी बार्कर: गेराल्ड वायली म्हणजे खरंच तोच का?

शनिवारचा_पेपर:
मंडळी, सध्या जेवणं झाली की यूट्यूबवर 'द टू रॉनीज' हा बीबीसीचा जुना विनोदी कार्यक्रम लावतो आणि त्यातला तो आडव्या अंगाचा, चष्मेवाला रॉनी बार्कर मला फारच आवडायला लागलाय. शेवटी लेखकांची नावं येतात त्यात गेराल्ड वायली सारखा दिसतो, खाली कमेंटमध्ये कुणी लिहिलंय की तो बार्करच. खरंय का? आणि स्वतः लिहायचं तर नाव कशाला लपवायचं? दुसरं म्हणजे १९८७ नंतरचं त्याचं फारसं काही सापडतच नाही, झालं काय?

विंगेतून:
हो, तोच. १९६८ च्या सुमारास डेव्हिड फ्रॉस्ट या ब्रिटिश निवेदकाच्या टीव्ही कार्यक्रमात काम करत असताना बार्करने स्वतःच्या एजंटकडून 'वायली' या नावाने स्केचेस (छोटे विनोदी प्रसंग) पाठवायला सुरुवात केली. आपण स्टार म्हणून लोक भिडेखातर घेतील, लिखाण चांगलं आहे म्हणून घेतलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. स्केचेस हिट झाली आणि युनिटमध्ये तर्क सुरू झाले की हा वायली कोण, नाटककार टॉम स्टॉपर्डपर्यंत नावं गेली. शेवटी सगळ्यांना एका चायनीज हॉटेलात जेवायला बोलावून त्याने सांगितलं की मीच तो. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीमुळे वाटतो, कारण रिजेक्ट व्हायची तयारी ठेवून नाव बाजूला ठेवणं नावाजलेल्या नटाला सोपं नसतं. तुम्ही बघितलंच असेल ते 'फोर कँडल्स'वालं हार्डवेअरच्या दुकानाचं स्केच (१९७६), तेही वायलीचंच.

मालिकावेडी:
त्यात एक जोडते. स्वतः इतका चांगला लेखक असून त्याची सगळ्यात मोठी दोन कामं दुसऱ्यांनी लिहिलेली आहेत. १९७३ मध्ये बीबीसीने त्याला घेऊन 'सेव्हन ऑफ वन' केलं, दर आठवड्याला वेगळी गोष्ट, त्यातल्या एकीतून 'पॉरिज' ही मालिका निघाली (क्लेमेंट आणि ला फ्रेने यांची) आणि दुसरीतून 'ओपन ऑल अवर्स' (रॉय क्लार्कची). एकात तुरुंगातला मुरलेला कैदी फ्लेचर, दुसऱ्यात तोतरा, चिक्कू किराणा दुकानदार आर्कराइट. दोघं एकच माणूस आहे हे विसरायला होतं, चालणं वेगळं, आवाज वेगळा, डोळेसुद्धा वेगळे.

विंगेतून:
१९८७ चं राहिलंच. तब्येतीची काळजी होती, पण मुख्य म्हणजे नवीन सुचणं कमी झालं होतं आणि दर्जा घसरायच्या आत थांबायचं त्याने ठरवलं. मग बायकोबरोबर इंग्लंडमधल्या चिपिंग नॉर्टनला जुन्या वस्तूंचं दुकान चालवलं. १४-१५ वर्षांनी, २००२ मध्ये 'द गॅदरिंग स्टॉर्म' या टीव्ही चित्रपटात चर्चिलचा बटलर झाला, छोटंच काम पण जरूर बघा. २००५ मध्ये गेला.

शनिवारचा_पेपर:
खूप आभार दोघांचे! 'पॉरिज' कुठून सुरू करू?

मालिकावेडी:
पहिल्या सीझनमधला 'अ नाइट इन' आधी बघा. जवळजवळ अख्खा भाग कोठडीत फ्लेचर आणि तरुण गॉडबर दोघंच, रात्रभर नुसत्या गप्पा. गॉडबर म्हणजे रिचर्ड बेकिन्सेल, बिचारा ३१ व्या वर्षी गेला. तो भाग आवडला की मग पहिल्यापासून सगळे सलग बघा, सीझन तीनच आहेत.