पानशेतच्या थंडीत बोटीचं डिझेल इंजिन: ब्लॉक हीटर बसवावा का?

धरणकाठ: बोट पानशेतला पाण्यातच असते. तीन सिलिंडर, हीटर प्लगवालं (सुरू होताना सिलिंडर आतून तापवणारे प्लग) इंजिन. जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली गेला की चार-पाचदा सेल्फ मारावा लागतो, पांढरा धूर येतो, मग पकडतं. दुपारी एका सेल्फमध्ये चालू. धक्क्यावर २३० व्होल्टचा पॉइंट आहे. इंजिन चालू करण्याआधी गरम करणारा ब्लॉक हीटर किती वॅटचा घ्यावा?

नोझलवाला: पांढरा धूर म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाहीये. (धूरच नसता तर लाइनमध्ये एअर शोधा म्हटलं असतं.) पण १० डिग्रीला धड इंजिन ब्लॉक हीटरशिवाय चालू व्हायलाच हवं. आधी प्लग तपासा. वरची पट्टी काढून प्रत्येक प्लग सुटा मोजा: १ ओहमच्या आसपास आला तर ठीक, मीटर हललाच नाही तर मेला. तिनातला एक गेला तरी हीच लक्षणं. मग सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज बघा. ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. बॅटरीवर ठीक आणि सेल्फच्या बोल्टवर व्होल्टभर कमी, तर केबलचा लग (टोकाची कडी) गंजलाय.

पाणकोंबडी: प्लग राहू द्या, आधी हे वाचा. इंजिन न पकडता सेल्फ फिरत राहिला की इंजिन थंड ठेवणारा पंप धरणाचं पाणी खेचतच राहतो, आणि ते बाहेर ढकलायला एग्झॉस्टचा जोर नसतो. वॉटरलॉक (एग्झॉस्टमधला पाणी साठवणारा डबा) भरून पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. कनेक्टिंग रॉड वाकतो. दोनदा पकडलं नाही तर बोटीच्या बुडाचा, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद करा. पकडल्याबरोबर उघडा, नाहीतर पंपातला इम्पेलर (रबरी पंखा) कोरडा फिरून जळेल.

धरणकाठ: मधला प्लग गेलेला निघाला. तिन्ही बदलतो. तरी हीटर लावला तर तोटा?

नोझलवाला: तोटा नाही. ब्लॉक आणि कूलंट मिळून १८०-१९० किलो धरलं, तर ५०० वॅटमध्ये दोन तासांत वीसेक डिग्री चढतात. बंद कूलंट सर्किटमध्येच बसवा. धरणाच्या पाण्याच्या बाजूला बसवलात तर एलिमेंटवर क्षार साचतात. बाहेरचा टँक हीटर असेल तर तो ब्लॉकच्या खालच्या अंगाला, तोंड वर, होजला कुठेही उंचवटा नको. तिथे एअर अडकली की पाणी फिरत नाही आणि एलिमेंट जळतं. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच. स्टार्टिंग स्प्रे मात्र हीटर प्लगच्या इंजिनात कधीच नको, तापलेल्या प्लगवर इनटेकमध्येच भडका उडतो.

धरणकाठ: १२ व्होल्टचा ४०० वॅटचा चालेल?

नोझलवाला: ३३ अँपिअर ओढेल. दोन तासांनी सेल्फला काय उरणार?