पित्तासाठी सोनोग्राफी केली, निघालं भलतंच

सुलभा_लोकमान्यनगर:
बाबा 71 वर्षांचे. जेवलं की पोट डब्ब होतं म्हणून सोनोग्राफी केली. पित्ताशयात 8 मिमीचा खडा निघाला, तो अपेक्षितच होता. पण रिपोर्टात खाली आणखी एक ओळ: पोटातली महाधमनी फुगलेली, 4.3 सेमी. सर्जन म्हणाले, "खडा त्रास देत नाही ना, राहू द्या. नस वर्षभराने पुन्हा मोजू." पाच मिनिटांत आम्ही बाहेर. पुण्याची आत्या रोज फोन करते: "फुटायची वाट बघताय का? दादा धडधाकट आहे तोवर उरकून घ्या." मलाही तेच पटतंय. बाबा निवांत. बिडी चालूच, काल सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाऊन आले.

भिया_इंदौरी:
आमच्या शेजाऱ्यांना यावरच स्टेंट घातला, चार दिवसांत घरी. थांबायचं कशाला?

जुना_ओटीवाला:
सुलभाताई, मी डॉक्टर नाही. 31 वर्षं ऑपरेशन थिएटरात सर्जनच्या हातात हत्यारं दिली, आता रामबागेत नातवंडं सांभाळतो.

आत्याबाईंचा प्रश्न खुळा नाही. हाच प्रश्न ब्रिटनमध्ये रीतसर तपासला गेला. 4 ते 5.5 सेमीचे 1090 पेशंट, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. एका गटाचं लगेच ऑपरेशन, दुसऱ्याची नुसती ठरावीक मुदतीने सोनोग्राफी. 1998 साली निकाल आला: सहा वर्षांनी दोन्हीकडे जगलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच. एवढा फुगा फुटायची भीती वर्षाला 1 टक्क्याच्या आसपास, आणि पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर महिन्याभरात 5.8 टक्के गेले. अमेरिकेत माजी सैनिकांवर हेच करून पाहिलं, 2002 मध्ये तेच उत्तर. तिथून पुरुषांच्या ऑपरेशनसाठी 5.5 सेमीचा आकडा आला. बायकांची नस लवकर फुटते, म्हणून त्यांना 5. थांबलेल्यांपैकी बहुतेकांचं पुढे ऑपरेशन झालंच, हेही सांगून ठेवतो. तेव्हा पुढच्या सोनोग्राफीची तारीख कालनिर्णयावर आत्ताच लिहा.

भिया, शेजाऱ्यांचा किती सेमीचा होता ते विचारा. लहान फुग्यात लवकर स्टेंट घालण्याचेही अभ्यास झालेत, जास्त माणसं वाचली नाहीत. शिवाय स्टेंट नीट बसलाय का, हे पुढे जन्मभर तपासत राहावं लागतं.

आता सर्जनने पाच मिनिटांत जे सांगितलं नसेल ते. बिडी. फुगा वाढवणारं तिच्याइतकं दुसरं काही नाही. बीपी आटोक्यात हवं. आणि सराफ्यात खाऊन पोट बिघडलं की आपण मेडिकलवरून कुठली गोळी आणतो? ओफ्लॉक्स नाहीतर सिप्रो. या जातीच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी महाधमनी चिरण्या-फुटण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने 2018 च्या डिसेंबरात दिलाय. अशा पेशंटला दुसरा इलाज असताना त्या देऊ नयेत. ही नस फुगलेली आहे हे प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा.

पोटात किंवा पाठीत एकाएकी जोराची कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, तर गॅस समजून हिंग-ओवा देत बसू नका. थेट मोठ्या दवाखान्यात.

अजून एक. हे सख्ख्या नात्यात असतं. पासष्टी ओलांडलेल्या बहीण-भावांनी एकदा सोनोग्राफी करून घ्यावी.

सुलभा_लोकमान्यनगर:
काका, बाबांच्या चष्म्याच्या डब्यात ओफ्लॉक्सची अर्धी पट्टी सापडली! फेकली. बिडीवरून मात्र सकाळपासून अबोला आहे. आत्या 68 ची, तिला तुमचा शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा वाचून दाखवला. म्हणाली, "मला काय धाड भरलीये?" आज तिचा फोन आलेला नाही.