मदत हवी आहे: मिड सफोक कौन्सिलचा निकाल कसा वाचायचा आणि आता कामासाठी कुणाला गाठायचं?

पुणे_ते_स्टोमार्केट:

नमस्कार मंडळी, इंग्लंडमधल्या लोकल कौन्सिलची माहिती असणाऱ्यांची मदत हवी आहे, प्रश्न जरा लांबलाय पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आम्ही सफोकमध्ये स्टोमार्केटला राहतो. गुरुवारी ४ मे २०२३ ला इथे मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिलचं मतदान झालं आणि मी या देशात पहिल्यांदाच मत दिलं, भारतीय पासपोर्ट दाखवला, कागदावर पेन्सिलीने फुल्या मारल्या आणि पेटीत टाकला. शुक्रवारी निकाल लागला तर बातम्यांत सगळीकडे आमचंच मिड सफोक! ३४ पैकी २४ जागा ग्रीन पार्टीला, कॉन्झर्व्हेटिव्ह ६, लिबरल डेमोक्रॅट (लिब डेम) ४, लेबरला एकही नाही. ग्रीन पार्टीला एखाद्या कौन्सिलमध्ये स्वतःच्या जोरावर बहुमत मिळायची ही देशातली पहिलीच वेळ म्हणतायत. आणि आमच्या भागातून २०१९ ला कॉन्झर्व्हेटिव्हच्या जो चर्चिल जवळपास २५ हजारांनी खासदार म्हणून निवडून आल्या होत्या. म्हणजे तीच माणसं खासदारकीला एक आणि कौन्सिलला दुसरंच मत देतात का, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरं म्हणजे निकालाचा कागद. आमच्या वॉर्डला दोन जागा आहेत, वेबसाइटवर प्रत्येक उमेदवाराची मतं दिलीत, ती सगळी मी बेरीज करून बघितली तर मतदान केलेल्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त येतात. टक्के काढायला गेलं की शंभराच्या वर जातात. शिवाय एकाच पार्टीच्या दोन उमेदवारांच्या मतांत बराच फरक आहे, तो का?

तिसरं आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या मागच्या शेतात घरांची मोठी स्कीम येतेय, तिला परवानगी आधीच्या कौन्सिलच्या वेळीच मिळालीय. घरांना माझा विरोध नाही, आम्हीसुद्धा अशाच नव्या वस्तीत राहतो. पण शाळेकडे जाणाऱ्या रस्त्याला फूटपाथ नाही आणि त्याच रस्त्यावरून आता कित्येक गाड्या वाढणार, मुलं रोज तिथून चालत जातात. ग्रीनवाले आले म्हणजे हे थांबेल, बदलेल असं शेजारी म्हणतायत. खरंच तसं होतं का? आणि फूटपाथसाठी नक्की कुणाकडे जायचं?

मी हे एवढं खोदून विचारतेय कारण पुण्यात महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि वर्ष उलटलं तरी नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, निवडणूक कधी ते कुणालाच माहीत नव्हतं. इथे मला मत मिळालंय तर ते देऊन मोकळं व्हायचं नाहीये, त्याचं पुढे काय होतं ते कळायला हवंय.

इप्सविचकर:

ताई, अभिनंदन, पहिलं मत आणि तेसुद्धा अशा निवडणुकीत. बेरजेचं सांगतो, पुण्याच्या आहात म्हणून पटकन कळेल. पुण्यात २०१७ ला चारचा प्रभाग होता ना, त्यात अ, ब, क, ड अशा वेगवेगळ्या जागा होत्या आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबायचं होतं. इथे तसं नाही. दोन जागांचा वॉर्ड असला तरी सगळे उमेदवार एकाच यादीत, तुम्हाला दोन फुल्या मारायचा हक्क, आणि ज्या दोघांना सगळ्यात जास्त मतं पडली ते दोघे निवडून आले, विषय संपला. जागा अ आणि जागा ब असं काही नसतंच.

म्हणून समजा १००० कागद पेटीत पडले तर मतं २००० पर्यंत जाऊ शकतात. पण दोन हजार पूर्ण भरत नाहीत कारण बरेच लोक एकच फुली मारतात, दुसरा कुणी पसंत नसतो किंवा दोन मारता येतात हेच माहीत नसतं. त्यामुळे टक्के काढायचे तर मतांच्या बेरजेने भागू नका, कागदांच्या संख्येने भागा, मग कळेल की मतदान केलेल्यांपैकी किती जणांनी या माणसाला फुली मारली. ते आकडे मिळून शंभराच्या वर जाणारच, त्यात चूक काही नाही. पार्टीची टक्केवारी काढायची असेल तर बरेच जण प्रत्येक पार्टीच्या सगळ्यात पुढच्या उमेदवाराची मतं धरतात.

एकाच पार्टीच्या दोघांत फरक पडायची कारणं दोन-तीन असतात. एक म्हणजे माणूस, गावात ओळखीचा असेल, दारोदार फिरलेला असेल तर दुसऱ्या पार्टीचे लोकसुद्धा त्यांची एक फुली त्याला देतात. दुसरं म्हणजे आडनाव! मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या अक्षरांनुसार लागतात आणि वरच्या नावाला थोडी जास्त मतं पडतात हे बऱ्याचदा दिसून आलंय. फरक थोडासा असेल तर एवढ्यानेसुद्धा पडतो.

आणि निकालाच्या त्या कागदावर खाली बाद मतांचा तक्ता असतो तो जरूर बघा, कोरी किती, हक्कापेक्षा जास्त फुल्या मारलेली किती, मत देणाऱ्याची ओळख पटेल असं काही लिहिलेली किती, सगळं वेगवेगळं दिलेलं असतं. मला तो भाग फार आवडतो, हाताने मोजतात आणि हिशेब असा उघडा ठेवतात.

पुणे_ते_स्टोमार्केट:

बापरे, आता लख्ख कळलं, खूप आभार. म्हणजे मी लेबर आणि ग्रीन अशी एकेक फुली मारली असती तरी चाललं असतं? माझ्या ऑफिसातली एक जण इप्सविचला राहते, ती म्हणाली तिला एकच फुली मारायची होती, आणि त्यांच्या वॉर्डला तर तीन नगरसेवक आहेत.

इप्सविचकर:

हो, चाललं असतं, दोन वेगवेगळ्या पार्ट्यांना एकेक देता येते. आणि इप्सविचचं तुमची मैत्रीण म्हणते ते बरोबर आहे, मी इथलाच. आमच्याकडे १६ वॉर्ड, प्रत्येकी तीन, एकूण ४८, पण एका वेळी प्रत्येक वॉर्डातली एकच जागा निवडणुकीला असते, तीन वर्षं ओळीने असं चालतं आणि चौथ्या वर्षी काउंटीची, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या वरच्या कौन्सिलची निवडणूक. तुमच्याकडे सगळ्या ३४ जागा एकदम, दर चार वर्षांनी. म्हणून तुमच्याकडे एका दिवसात सत्ता अशी उलटू शकते, आमच्याकडे ती हळूहळू सरकते. एका डिस्ट्रिक्टच्या निकालाची शेजारच्याशी तुलना करताना हे आधी बघायला लागतं, नाहीतर सगळा अंदाज चुकतो.

मात्र तुमच्याकडचा निकाल काही एका रात्रीत आलेला नाही. २०१९ ला कॉन्झर्व्हेटिव्ह १६, ग्रीन १२, लिब डेम ५ आणि एक अपक्ष असं होतं, म्हणजे बहुमत कुणालाच नव्हतं. १२ वरून २४ ही उडी मोठी आहेच पण पाया आधीचा आहे. आणि एक लक्षात घ्या, इथे सगळ्यात जास्त मतांचा जिंकतो, त्यामुळे २४ जागा म्हणजे जागांचा ७० टक्के वाटा झाला तरी मतांचा वाटा तेवढा असतोच असं नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो असंच आहे, खासदारकीला एक आणि कौन्सिलला दुसरी पार्टी हे इथे अगदी कॉमन आहे. कौन्सिलच्या मतदानाला साधारणपणे तिघातला एखादाच जातो, त्यामुळे जी पार्टी आपल्या माणसांना घराबाहेर काढते ती जिंकते.

कोलचेस्टर_काका:

फूटपाथ आणि स्कीमबद्दल मी लिहितो, माझं काम प्लॅनिंगशी संबंधित आहे म्हणून.

आधी वाईट बातमी. मिळालेली परवानगी नवं कौन्सिल आलं म्हणून रद्द होत नाही. कायद्याने रद्द करता येते पण मग कौन्सिलला नुकसानभरपाई द्यावी लागते, त्यामुळे व्यवहारात कुणी त्या वाटेला जात नाही. आणि पुढच्या अर्जांनासुद्धा ‘आम्ही ग्रीन आहोत म्हणून नाही’ असं म्हणता येत नाही, प्लॅनिंग कमिटीत पार्टीचा आदेश चालत नाही, कारण प्लॅनिंगच्या नियमात बसणारंच द्यावं लागतं, नाहीतर बिल्डर अपिलात जातो आणि तिथे सरकारचा प्लॅनिंग इन्स्पेक्टर निर्णय फिरवू शकतो. नव्या बहुमताचा खरा उपयोग लोकल प्लॅनमध्ये असतो, कुठे किती घरं, त्यासोबत काय काय. तुमचं मिड सफोक आणि शेजारचं बेबर, दोघांचा मिळून जॉइंट लोकल प्लॅन असतो, त्यावर लक्ष ठेवा.

आता चांगली बातमी. अशा मोठ्या स्कीमला परवानगी देताना बिल्डरबरोबर बहुतेक वेळा प्लॅनिंग कायद्याच्या कलम १०६ खाली करार झालेला असतो, शाळेसाठी पैसे, रस्त्याचं काम, खेळायची जागा, असं बरंच त्यात असतं. तो करार गुप्त नसतो. कौन्सिलच्या वेबसाइटवर प्लॅनिंगच्या पानावर स्कीमचा नंबर टाका, कागदपत्रांत सापडेल. परवानगीच्या अटीसुद्धा वाचा, कितवं घर विकायच्या आधी कुठलं काम पूर्ण झालं पाहिजे असं त्यात लिहिलेलं असू शकतं. तिथे फूटपाथ असेल तर तुमची बाजू एकदम भक्कम, मग फक्त अट पाळली जातेय का एवढंच बघायला सांगायचं, आणि ते बघणं डिस्ट्रिक्टचं काम आहे.

फूटपाथ त्यात नसेल तर मात्र दार वेगळं. रस्ते, फूटपाथ, शाळा, लायब्ररी, म्हाताऱ्यांची देखभाल हे सगळं सफोक काउंटी कौन्सिलकडे, आणि तिथे २०२१ च्या निवडणुकीतसुद्धा कॉन्झर्व्हेटिव्हलाच बहुमत मिळालं होतं, परवाच्या निवडणुकीने त्यात काही फरक पडलेला नाही. डिस्ट्रिक्टकडे कचरा, प्लॅनिंग, घरं, बेघरांची सोय, स्वच्छतेची तपासणी. कौन्सिल टॅक्सचं बिल डिस्ट्रिक्ट पाठवतं म्हणून लोकांना वाटतं सगळा पैसा त्यांचाच, पण बिल नीट बघा, डिस्ट्रिक्टचा हिस्सा साधारण दहावा असतो, मोठा भाग काउंटीचा, मग पोलिस आणि टाउन कौन्सिल. आपल्याकडे झेडपी आणि नगरपालिका असतात तसं समजा.

म्हणून तुम्ही दोन ईमेल करा, एक डिस्ट्रिक्टच्या तुमच्या दोन्ही नगरसेवकांना आणि एक काउंटीच्या तुमच्या भागातल्या नगरसेवकाला, प्रत्येकाची कॉपी दुसऱ्याला. आणि टाउन कौन्सिललासुद्धा कळवा, त्यांच्या हातात सत्ता थोडी पण रस्त्याच्या बाबतीत त्यांचं पत्र गेलं की काउंटीला दखल घ्यावी लागते.

स्विंडनहून:

थोडं विषयाबाहेर पण उपयोगाचं. इथे आलेल्या आपल्या बऱ्याच लोकांना अजूनही वाटतं की ब्रिटिश पासपोर्ट मिळेपर्यंत मत नाही. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक, वय १८, आणि इथे राहायची रीतसर परवानगी एवढं पुरतं, वर्क व्हिसा असो, डिपेंडंट असो की स्टुडंट. खासदारकीलासुद्धा. २०२३ पासून मतदान केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं, त्यात भारतीय पासपोर्ट चालतो आणि इथे राहायच्या परवानगीचं बायोमेट्रिक परमिटचं कार्डसुद्धा चालतं, मुदत संपलेलं असलं तरी फोटो तुमच्यासारखा दिसत असेल तर घेतात. पोस्टाने मत देणाऱ्यांना हे ओळखपत्र दाखवावं लागत नाही.

आमच्या स्विंडनला गोव्याची माणसं खूप आहेत, त्यातले पुष्कळ पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. त्यांचं उलटं, कौन्सिलला मत देता येतं, खासदारकीला नाही. या वेळी आमच्याकडे वीस वर्षांनी लेबर आलं. आपली माणसं घोळक्याने मतदानाला जाताना बघून मला फार बरं वाटलं, आधी नाव नोंदवायलाच कंटाळा करायचे.

ब्रायटन_मराठी:

सगळे मिड सफोकच्या आनंदात आहेत म्हणून हेसुद्धा लिहिते, आमच्याकडे त्याच दिवशी बरोबर उलटं झालं. ब्रायटन अँड होव्हमध्ये २०२० पासून ग्रीनचं अल्पमतातलं कौन्सिल होतं, या वेळी ५४ पैकी लेबर ३८ आणि ग्रीन फक्त ७. लोकांना पार्टीचं नाव नको असतं, कचरा वेळेवर उचलला जातो का ते बघतात. तुमच्याकडे आता पूर्ण बहुमत आहे, म्हणजे अडचण आली तर दुसऱ्या पार्टीकडे बोट दाखवता येणार नाही. चार वर्षं त्यांच्या मागे लागा, त्यांनाही त्याची गरज आहे.

पुणे_ते_स्टोमार्केट:

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे स्कीमची कागदपत्रं शोधली. करार सापडला. शाळेसाठी पैसे आहेत, फूटपाथचा उल्लेख आहे पण तो स्कीमच्या आतल्या रस्त्यापुरता आणि मुख्य रस्त्याला जोडण्यापुरता दिसतोय, शाळेपर्यंत नाही. नकाशा मला नीट वाचता येत नाहीये, लाल रेघ म्हणजे स्कीमची हद्द का? आणि ती निळी रेघ कसली?

कोलचेस्टर_काका:

लाल रेघ म्हणजे ज्या जमिनीसाठी अर्ज केलाय ती, निळी म्हणजे त्याच मालकाची आजूबाजूची दुसरी जमीन. निळी रेघ शाळेच्या रस्त्याला लागून असेल तर ईमेलमध्ये तेच सगळ्यात आधी लिहा, कारण फूटपाथला जागा लागते आणि ती त्याच मालकाकडे आहे, म्हणजे पुढचा अर्ज आला की मागता येईल. नसेल तर काउंटीकडे शाळेच्या सुरक्षित रस्त्यासाठी म्हणून मागणी करा, सोबत सकाळच्या वेळेचे फोटो जोडा, मुलांचे चेहरे न दाखवता. सही करणारे आणखी पालक मिळाले तर उत्तम.

पुणे_ते_स्टोमार्केट:

निळी रेघ लागूनच आहे! आज रात्री ईमेल लिहिते, पाठवायच्या आधी इथे टाकते, जरा बघून द्या. आणि याच महिन्यात नव्या कौन्सिलची पहिली सभा आहे, इप्सविचला एंडेव्हर हाउसमध्ये, लोकांना बसायला देतात असं कळलं. इप्सविचकर दादा, तुम्ही जवळच आहात, येताय का? स्टोमार्केट, नीडहॅम मार्केट, एल्म्सवेल भागातलं आणखी कुणी मराठी असेल तर तेही कळवा, एकत्र जाऊ.